फोटो कोणी काढला?

"माझी आई डावखुरी कधी झाली?" फलकापुढे थबकून भिकीने विचारलं.

डहाणूच्या चिकू मेळाव्याचा तो फलक रतनकाकांनी आपल्या वाडीच्या फाटकावर लावला होता. त्यावर चिकू उतरवणारी जयवंती, भिकीची आई, दिसत होती. पण जाळीची काठी डाव्या हातात! काकांची पुतणी रिया आणि पुतण्या जतीन जवळ येऊन पाहू लागले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, 'फोटो : इंटरनेट'.

"हा इंटरनेट कुठल्या पाड्यावरचा गं?" जतीन म्हणाला.

एरवी भिकी हसली असती. पण तिला तिचा दादा आठवला. तलासरीला कॉलेजात असताना तो मोबाइलवर सारखे फोटो काढायचा. मागच्या वर्षी तो तापाने गेला.

जतीनने फलकावरचं चित्र नेटवर शोधलं. काहीच सापडेना. मग रियाने ते आरशातल्यासारखं उलटवलं, आणि मूळ फोटो समोर आला. खाली दादाचं पूर्ण नाव होतं. शिवाय परवाना होता : हा फोटो कोणीही वापरावा, बदलावा, फक्त माझं नाव द्यावं आणि काय बदललं ते सांगावं.

तिघं काकांकडे गेली. मजकुराला जागा हवी म्हणून फोटो उलटवला, असं ते म्हणाले. फुकटच्या फोटोला नाव कसलं लावायचं? भिकीला दादाचं नाव घेताच येईना.

सुट्टीत चिकूच्या खोक्यांवर वाडीच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचं काम या मुलांकडेच असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकही चिठ्ठी लावली नाही. बिननावाची खोकी घ्यायला टेम्पोवाला तयार होईना. काका तणतणत आले.

"चिकू तर तेच आहेत ना, काका?" रिया म्हणाली. "मग नाव कशाला हवं?"

काका तिथेच एका खोक्यावर टेकले. मग त्यांनी फोटो काढणाऱ्याचं नाव विचारलं.

"प्रवीण लहान्या धोडी," भिकी म्हणाली. "माझा दादा."

मेळाव्याच्या दिवशी नवा फलक लागला. फोटो सुलटा होता; खाली प्रवीणचं नाव, परवाना आणि मूळ फोटोचा पत्ता होता. काकांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि मुलांची पाठ थोपटली.

जयवंती मात्र फोटोतल्या आपल्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली होती.

"आई, तेव्हा काय बोलत होतीस गं?" भिकीने विचारलं.

"बाजूला हो म्हणत होते त्याला," जयवंती म्हणाली. "चिकू पडंल डोक्यात."