उलटा लावलेला तेरा नंबर

पहिल्याच भेटीत गिल्डासने माझं कपाळ सुजवलं.

चढ संपता संपता सायकलस्वार रिकामी बाटली रस्त्याकडेच्या लोकांकडे भिरकावतात, आणि ती मिळावी म्हणून फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या आमच्या ब्रेतान्यमधले म्हातारेकोतारेसुद्धा कोपरं मारतात. मी कोपरं मारत नव्हते. मी सॉसेज गुंडाळलेलं धिरडं खात उभी होते. बाटली आली आणि थेट कपाळावर बसली.

संध्याकाळी शाळेच्या मैदानामागे तो दिसला. टीव्हीवरच्या संघांना बस असते. आमच्या शर्यतीत येणाऱ्या संघांकडे एक व्हॅन, एक बादली आणि एक स्पंज. तो बादलीत पाय घालून चिखल धूत होता.

"हे माझं काम का?" त्याने माझ्या कपाळाकडे बोट केलं.

"तुझ्या बाटलीचं."

"नेम चुकला... तुझ्या मावशीला द्यायची होती."

"मावशीला ओळखतोस तू?"

"त्या मला ओळखतात. मागच्या वर्षी मी एक्केचाळिसावा आलो हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. तुझ्या मावशीला होतं."

ते खरं होतं. सोआझिग मावशी तीस वर्षं जुन्या व्हॅनमधून अशा छोट्या शर्यतींच्या मागे फिरते आहे. सोबत दोन घडीच्या खुर्च्या, सायडर या सफरचंदाच्या दारूची बाटली आणि पेपरातून कापलेली नावांची यादी. आमच्या शर्यती कुठे दाखवत नाहीत. कोण पुढे, कोण मागे, हे रस्त्याकडेला उभं राहून स्वतःच मोजायचं. म्हणून समोरून जाणाऱ्या प्रत्येक नंबरापुढे आम्ही पेन्सिलने खूण करतो. ज्याच्यापुढे खूण नाही तो सोडून गेला, नाहीतर पडला.

गेल्या वर्षीपर्यंत मला हे मजेचं वाटायचं. मग एका उतारावर, माझ्यापासून दहा पावलांवर, गिल्डास पडला. खांद्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो पांढऱ्या ओठांनी मलाच विचारत होता, "तुला लागलं नाही ना?" त्या वीस मिनिटांत मी त्याच्या प्रेमात पडले. त्याच वीस मिनिटांत माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून मी फक्त चढावर उभी राहते. चढावर ते हळू येतात, चेहरे दिसतात. उतारावर नुसता आवाज येतो.

यंदा चार खाड्यांच्या शर्यतीत, शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी, त्याने विचारलंच.

"काँपेर शहरात दोन खोल्या बघितल्यात. खिडकीतून नदी दिसते. एकट्याला दोन खोल्या काय करायच्या?"

"एकीत सायकल ठेव."

"ठेवली. दुसरीत?"

मी नदीबद्दल काहीतरी विचारलं. तो हसला. "उद्या शर्यत संपली की सांग," म्हणाला.

उत्तर मी घरी जाताना वाटेतच ठरवलं होतं. नाही. दर रविवारी अशी भीती घेऊन संसार करता येत नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि मग तासभर रडले.

सकाळी चौकात भुरभुर पाऊस होता. गिल्डासला यंदा तेरा नंबर मिळाला होता. तेरा अशुभ, म्हणून तो मिळाला की पाठीवरच्या दोनपैकी एक नंबर उलटा लावायचा, ही सायकलवाल्यांची जुनी रीत. त्याने चार टाचण्या माझ्या हातात दिल्या.

"उलटा तू लाव."

मी लावायला लागले. त्याच्या जर्सीला ओल्या कापडाचा आणि मालिशच्या तेलाचा वास होता.

"हात का थरथरतोय?" त्याने मागे न बघता विचारलं.

"थंडी आहे."

"संध्याकाळी उत्तर मिळणार ना?"

"मिळेल."

"चांगलं असेल?"

"सरळ उभा राहा... टाचणी टोचेल."

तो सरळ उभा राहिला. टाचणी मलाच टोचली.

दुपारी आम्ही केरग्वेनच्या चढावर, माथ्यापाशी खुर्च्या मांडल्या. शेवटी इथे नऊ किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. म्हणजे ते तीनदा आमच्यासमोरून जाणार आणि तीनदा पलीकडच्या उतारावर दिसेनासे होणार.

पहिल्या फेरीला तो घोळक्याच्या मध्यावर होता. जाता जाता त्याने दोन बोटं वर केली. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"दोन बोटं कशाची गं?"

"काय माहीत."

"काय माहीत म्हणे. कान लाल झालेत तुझे, रोझेन."

तेराच्या पुढे खूण केली तेव्हा घोळका उताराला लागला होता. मी नेहमीसारखे डोळे मिटले. त्यानंतर थोड्या वेळाने उताराकडून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. तो बराच वेळ एकाच जागी वाजत राहिला, मग लांब गेला.

"कुणाचंतरी काहीतरी झालं," मावशी म्हणाली. तिने सायडरचं बूच उघडलं नाही.

दुसरी फेरी आली. सात, बावीस, एकोणीस, बारा... पेन्सिल भरभर चालली होती. घोळका गेला. मागे पडलेले तिघे गेले. मग एक. मग कुणीच नाही.

तेराच्या पुढे एकच खूण होती.

"मागे असेल," मावशी म्हणाली. "अकराही आलेला नाही. गिल्डासच्या संघाचा म्होरक्या, मालो. दोघं बरोबर असतील."

अकराशी मला काही देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात संघाची गाडी चढ चढत आली. टपावर एक सायकल होती. पुढचं चाक दुमडलेलं, आणि आडव्या दांड्यावर, जिथे प्रत्येक जण आपल्या नावाची पट्टी चिकटवतो, तिथे पट्टी होती: गिल्डास.

गाडी थांबली नाही. मी हात करेपर्यंत ती पुढे निघून गेली.

"रोझेन, अगं थांब. रस्ता बंद आहे," मावशी मागून ओरडली. मी यादी मुठीत घेऊन माथा ओलांडला होता.

वर्षभर ज्या उताराकडे मी पाठ केली होती, त्याच्यावरून मी धावत होते. रस्ता तेल सांडल्यासारखा निसरडा होता. मनात एकच हिशोब चालू होता: ॲम्ब्युलन्स इतका वेळ थांबली म्हणजे काय? लवकर नेलं असतं तर बरं, की उशिरा नेलं ते बरं? सकाळी मी त्याला सरळ उभा राहा म्हटलं होतं. तेच माझं शेवटचं वाक्य ठरणार होतं का?

दुसऱ्या वळणावर गवताचे गठ्ठे फुटून विखुरले होते. डांबरावर लांब ओरखडा होता. कडेच्या चिखलात सीटखाली लावतात ती छोटी पाटी पडली होती. मी ती उचलली, अंगठ्याने पुसली. तेरा.

पलीकडे पिवळं जाकीट घातलेली एक बाई झेंडा घेऊन उभी होती. "ए पोरी, इथे उभं राहायचं नाही. आत्ताच एक जण इथे..."

"कोण? कोणाला नेलं?"

वरून शिट्टी वाजली. बाईने झेंडा आडवा धरून मला गठ्ठ्यांमागे ढकललं. "मागे हो, येतोय कुणीतरी."

चाकांची ती बारीक किरकिर आली. मी डोळे मिटले. मग ब्रेक किंचाळले, ओल्या रबराचा वास आला, आणि कुणीतरी धापा टाकत म्हणालं,

"तू... उतारावर?"

गिल्डास. भलत्याच उंच सायकलवर, एक पाय कसाबसा जमिनीला टेकवून. तोंडावर चिखल, पण तोंड त्याचंच. मी आधी त्याच्या खांद्याला हात लावला, मग कोपराला, मग गालाला.

"तुझी सायकल टपावर होती," मी म्हटलं. "मोडलेली. तुझं नाव..."

त्याचा चेहरा उतरला. "मालोचं चाक फुटलं. मी माझी सायकल त्याला दिली आणि गाडीची वाट बघत थांबलो. तो इथेच, दुसऱ्या वळणावर पडला. खांद्याचं हाड. गाडीवाल्यांनी माझी मोडलेली सायकल टपावर घेतली, मालोच्या या सायकलला नवं चाक लावून मला दिली, पण आमच्या संघाचे दोघं पुढे होते, म्हणून गाडी निघून गेली. मी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्यापाशी बसलो. कुणीतरी बसायला हवं ना... माझ्यापाशी बसलं होतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "माथ्यावर मावशी ओरडल्या, ती खाली गेलीय. तू उतारावर आलीस यावर विश्वासच बसेना."

"मी तुला नाही म्हणणार होते," मी म्हटलं. कसं निघालं कोण जाणे.

पावसाचं पाणी त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होतं. "आज?"

"आज."

"आणि... आता?"

मागे हॉर्न वाजला. झाडू-गाडी आली होती, शर्यतीच्या शेवटी चालते ती, जिच्या मागच्या दाराला खराखुरा झाडू बांधलेला असतो. दमून सोडणाऱ्यांना ती गोळा करते. चालवत होते गावचे बेकरीवाले फांशकाका.

"लग्न लावताय की भांडताय?" त्यांनी काच खाली केली. "काहीही करा, पण उरका. माझ्यामागे रस्ता उघडायचाय."

गिल्डासने आवाज खाली आणला. "तू म्हणशील तर इथेच सोडतो. काकांच्या गाडीत बसतो. हवं तर... कायमचं सोडतो."

त्याला ते जमलं असतं, हेच भयंकर होतं. हो म्हण, असं माझं सगळं अंग मला सांगत होतं. पण मुठीत ती यादी होती. मी नाही म्हटलं, त्याने सायकल सोडली नाही, तर मी काय करणार होते? दर रविवारी कुठल्यातरी चढावर पेन्सिल घेऊन तेच करणार होते. आणि माझ्यासाठी त्याने सायकल सोडली, तर तो गिल्डास राहिला नसता. नाही म्हटल्याने भीती जाणार नव्हती. फक्त ती कुणाला सांगायची सोय राहिली नसती.

त्याच्या पाठीवरच्या उलट्या नंबराची एक टाचणी सुटली होती. मी ती पुन्हा लावली.

"सायकल पहिल्या खोलीत," मी म्हटलं. "दुसरीत मी. पण खिडकी माझी."

 हातमोजा घातलेला ओला हात त्याने क्षणभर माझ्या कपाळावर ठेवला, बाटली लागली होती तिथे.

"जा आता. आणि वळणावर ब्रेक दाब."

"दाबतो."

"खोटं बोलतोस."

"हो," तो म्हणाला आणि निघाला.

मी झाडू-गाडीचं दार उघडलं. फांशकाकांनी भुवई वर केली. "नियमाने फक्त दमलेल्यांना घेतो हं मी."

"मग मी दमलेच आहे."

साऱ्या उतारभर मी डोळे उघडे ठेवले. काचेपलीकडे उलटा तेरा डावी-उजवीकडे झुकत होता आणि प्रत्येक वळणाला माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "गाडीला भोक पाडशील," काका म्हणाले. शेवटच्या चढावर मावशी खुर्चीवर उभी राहून शिव्या दिल्यासारखी त्याला जोर देत होती. माथ्यावर त्याने बाटली मागे भिरकावली. ती थाडकन आमच्या काचेवर आपटली. काकांनी त्याच्या घराण्याचा उद्धार केला. मला इतकं हसू आलं की रडायलाच आलं.

तो एकशे आठवा आला, म्हणजे शेवटून पहिला. वेळेची मुदत संपायला दोन मिनिटं होती. शाळेच्या मैदानामागे, बादलीशेजारी, मी ती चुरगळलेली यादी मांडीवर सरळ केली. पावसाने अर्धे आकडे पुसले होते. तेरा सापडला. त्याच्यापुढे मी शेवटची खूण केली, पण रेघ वेडीवाकडी आली.

"हात अजून थरथरतोय," गिल्डास म्हणाला. "थंडी?"

"नाही. भीती," मी म्हटलं.

तो जवळ सरकला आणि पेन्सिलसकट माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला. तेव्हा कळलं, त्याचेही हात थरथरत होते.