बेदाण्याच्या शेडमधला रणगाडा

शिफा शिकलगारच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आजवर पुष्कळ जण न विचारता घुसले होते. शेळ्या, माकडं, "जरा चव बघतो हं" म्हणत मूठभर उचलून नेणारे पाहुणे... रणगाडा मात्र पहिल्यांदाच घुसत होता.

तासगावातली माघातली दुपार. हिरव्या जाळीतून गाळून आलेला उजेड, रॅकवर पसरलेली द्राक्षं आणि त्यांचा तो गोड-आंबूस वास. शिफा एका रॅकचा मोडलेला पाय वेल्डिंगनं जोडत होती. एवढ्यात मागून खडखडाट आला. तिनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, तर खाटेएवढा लांब, हिरवा-तपकिरी रणगाडा तोफ रोखून थेट तिच्याच दिशेनं येत होता!

दुसरी कुणी किंचाळली असती. शिफा आधी भडकली. तोवर तोफ रॅकमध्ये शिरली, रॅक कलला आणि बेदाण्यांचा सडा पडला. तरी गाडी थांबायचं नाव घेईना. शिफानं बाजूनं झेप घेतली, वरचं झाकण उचकटलं आणि आत दिसला तो लाल प्लग ओढून काढला. रणगाडा गप्प झाला.

मग धापा टाकत त्याचा मालक आला. सावळा, उंच, गळ्यात रिमोट अडकवलेला.

"लागलं न्हाई न्हवं तुमाला?"

"मला न्हाई. बेदाण्याला लागलंय. कुणाचा हाय ह्यो?"

"माझा. म्हंजे... मीच बनवलाय. रेंज गेली आन्..."

"रेंज गेली म्हणून दिसंल त्या घरात घुसायचं?"

"न्हाई, तसं न्हाई... सिग्नल तुटला की जागच्या जागी थांबायचं, असं त्याला शिकवायला लागतं. ती सेटिंग करायची राहिली." तो इतका ओशाळला होता की शिफाला हसू आवरेना. ते लपवायला ती खाली वाकली, तर नजर रणगाड्याच्या पट्ट्यांवर गेली. सायकलच्या चेनसारखी साखळी आणि तिच्यावर ओळीनं जोडलेल्या लोखंडी पट्ट्या.

"आन् ही वेल्डिंग कुणी केलीय? मुंग्यांनी?"

"मीच..."

"वाटलंच."

तो हसला. खळखळून, मान मागे टाकून. आपल्या वेल्डिंगला नावं ठेवल्यावर हसणारा पुरुष शिफानं त्याआधी पाहिला नव्हता.

त्याचं नाव मतीन. मूळचा साताऱ्याकडचा, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या गावचा. तासगावात द्राक्षबागांचे फवारणीचे ब्लोअर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि शेडपलीकडच्या मोकळ्या रानात सुट्टीच्या दिवशी आपला रणगाडा फिरवत होता. त्याचे वडील, फारूक हवालदार, फौजेत टी-बहात्तर रणगाड्याचे ड्रायव्हर होते. तोच रणगाडा मतीन खऱ्याच्या चौथाई मापात बनवत होता. त्याबद्दल बोलायला लागला की गडी थांबत नसे.

"दोन्ही पट्ट्यांना येगळी मोटर, ई-रिक्षाची! उजवा पट्टा पुढं, डावा मागं... की जागेवर गिरकी! तोफ वर-खाली व्हणार, माथा गरागरा फिरणार. आवाज पण काढणार हाय, खऱ्या इंजिनाचा!"

"आवाज ऱ्हाऊ दे. आधी पट्टे," शिफा म्हणाली. "दंड ऐका. ह्यो रॅक सरळ करायचा, सांडलेला बेदाणा निवडायचा. आन् पट्टे मी परत जोडणार. असली वेल्डिंग माझ्या डोळ्यांदेखत हिंडल्याली मला चालायची न्हाई."

"ह्यात दंड कुठला?" मतीन म्हणाला, आणि मग एकदम कान लाल करून बेदाणे निवडायला बसला.

अशी त्याची ये-जा सुरू झाली. शिफाचे अब्बा, रसूलभाई, गावातल्या निम्म्या शेडना रॅक करून देणारे कारागीर. संध्याकाळी शेडला लागूनच असलेल्या आपल्या वर्कशॉपच्या दारात रणगाडा पाहून ते एवढंच म्हणाले, "चांगलं झालं. आता आभाळातलं इमान तेवढं दुरुस्तीला यायचं ऱ्हायलं." आणि चहा सांगायला आत गेले.

शिफा एकेक पट्टी तोडून नव्यानं जोडायची आणि मतीन जुन्या टायरचे तुकडे कापून प्रत्येक पट्टीवर रबराचा तळवा बसवायचा. काम करता करता त्याचा हात रॅककडे जायचा.

"बेदाणा खाल्ला तुमी."

"एकच."

"खिसा दाखवा."

"खिशातला उद्याचा हाय..."

'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. रसूलभाईंना कळलं असावं, कारण त्या दिवसापासून ते वर्कशॉपमध्ये यायच्या आधी उगाच खोकायला लागले.

नवे पट्टे चढले त्याच दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळीचा एक शिडकावा अर्ध्या सुकलेल्या बेदाण्याचं वाटोळं करतो. शिफा ताडपत्र्या ओढायला धावली. पण शेड लांबलचक आणि ताडपत्रीचे गठ्ठे पार दुसऱ्या टोकाला. "थांब!" मतीन ओरडला. त्यानं गठ्ठ्यांचा गाडा दोरीनं रणगाड्याला बांधला, रिमोट फिरवला... आणि काय सांगावं! एवढासा तो रणगाडा मातीत पट्टे रोवून, गुरगुरत, भरला गाडा ओढत निघाला. शिफा शेजारून धावत होती, हसत होती, ओरडत होती, "वडतोय! मतीन, वडतोय त्यो!" तिची ओढणी कुठे होती तिलाच ठाऊक नव्हतं.

शेवटची ताडपत्री बांधताना दोघांचे हात एकाच गाठीवर आले. थेंब टपटपायला लागले होते. मतीननं हात काढला नाही. तिनंही नाही.

"शिफा... मी काय म्हणत व्हतो..."

"काय?"

"ईद झाली की... मला मस्कतला जायला लागंल."

हे ऐकायला नव्हती ती थांबली. तिचा हात आपोआप मागे आला.

मस्कतला त्याच्या मामांचं गाड्यांचं वर्कशॉप होतं. हवालदारसाहेबांनी सगळं ठरवून टाकलं होतं. रणगाडा म्हणजे त्यांच्या लेखी खेळणं. घोड्यासारखा मुलगा खेळण्याशी खेळतो म्हणून ते चारचौघांत मान खाली घालायचे. मतीननं पुष्कळ समजावलं होतं. याच सांगाड्यावर टाकी बसवली तर बागेत माणसाला औषध न हुंगता, लांब उभं राहून फवारणी करता येईल. मला हेच करायचंय, इथेच करायचंय. शेवटी हवालदारसाहेब म्हणाले होते, आपल्या दारातला चढ चढवून दाखव. चढला तर राहा. नाही चढला तर मुकाट विमानात बस.

"किती चढ हाय?" शिफानं विचारलं.

"भरला टेम्पो पहिल्या गिअरमदी बी रडतो."

"मग चढवू की," ती म्हणाली. पण या मुलाशिवायचं वर्कशॉप तिला डोळ्यांपुढे आणवेना. तो आवडायला लागला होता हे तिला माहीत होतं. इतका आवडतो हे तिला तेव्हाच कळलं.

रमजानचा महिना दोघांनी पछाडल्यासारखं काम केलं. दिवसभर रोजा, संध्याकाळी वर्कशॉपच्या ओट्यावर खजूर आणि द्राक्षं, की पुन्हा पाने आणि पक्कड. रणगाड्याचा माथा फिरायला लागला. तोफ उचलली गेली. इंजिनाचा आवाज बसवला, तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. आणि सिग्नल तुटला की जागीच थांबायची ती सेटिंग मतीननं सगळ्यांत आधी केली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मेढ्याला निघायचं ठरलं. पहाटे मतीन यायच्या आत शिफा एकटीच उठली. तिला रणगाड्यासाठी काहीतरी करायचं होतं, गुपचूप, आपल्या हातानं. तिनं तेलाचा डबा घेतला, फडकं भिजवलं आणि साखळीला, पट्ट्यांना, चाकांना मायेनं तेल चोळलं. अगदी पोराला न्हाऊ घालावं तसं.

टेम्पो रसूलभाईंनी हाकला. घाट चढून मेढ्याच्या वर पोचले तेव्हा हवालदारसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून चढाच्या माथ्यावर उभे होते. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. निम्मा गाव जमला होता.

"तूच का गं पट्टे जोडणारी?" त्यांनी शिफाला विचारलं.

"व्हय, चाचा."

"हं," ते म्हणाले. त्या हुंकारातून काही कळेल तर शपथ.

मतीननं रिमोट हातात घेतला. इंजिन घुमलं. पोरं टाळ्या पिटायला लागली. रणगाडा चढाला लागला, पुढे सरकला, आणखी पुढे... आणि मधोमध पट्टे नुसतेच फिरायला लागले. गाडी हळूहळू मागे घसरत, तिरकी होत खालच्या बांधाला टेकली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मतीनचा चेहरा शिफाला बघवेना.

"झालं," हवालदारसाहेब म्हणाले. "चला, पाहुण्यांना च्या द्या."

शिफा धावत खाली गेली, गुडघ्यावर बसली आणि पट्ट्याला हात लावला. हात गुळगुळीत झाला. तिनं बोटं नाकाशी नेली. हा वास ती जन्मापासून ओळखत होती. द्राक्षं सुकायला टाकण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्यातलं हे तेल! चेनचं तेलही घरात त्याच जुन्या डब्यांत ठेवलेलं असायचं. पहाटेच्या घाईत तिनं भलताच डबा उचलला होता, आणि चेनच्या दाट तेलासारखं जागीच न चिकटता हे पातळ तेल वाटभर पाझरून रबराच्या तळव्यांवर उतरलं होतं.

मस्कतचं विमान तिनंच मतीनच्या दारात आणून उभं केलं होतं.

ती उठली. चढ चढून थेट हवालदारसाहेबांपुढे गेली.

"चाचा, गाडीत खोट न्हाई. चूक माझी हाय. चेनच्या तेलाऐवजी मी बेदाण्याचं तेल लावलं. मतीनला ठावं बी न्हवतं."

हवालदारसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली रणगाड्याकडे, मग मुलाकडे.

"मतीन. मैदानात पट्टा घसरला तर क्रू काय करतो?"

"उतरून... दुरुस्त करतो, अब्बा."

"मग बगत काय उभा हाईस?"

शिफाला एवढंच हवं होतं. "राख!" ती ओरडली. "चुलीतली राख द्या कुणीतरी, आन् पाणी!" तेलकट भांड्याला राखच लागते, हे त्या आळीतल्या बायकांना काय सांगायचं? घमेली भरभरून राख आली. मतीननं साखळीची खीळ काढून पट्टे मोकळे केले, शिफानं ते दगडावर पसरले आणि दोघं घासायला बसले. थोड्या वेळानं तिच्या शेजारी तिसरा हात दिसला. इस्त्रीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून हवालदारसाहेब काथ्यानं पट्टा घासत होते.

"फौजेत रोज घासायचो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "चिखल खरडून काढायचा, मगच जेवाण." त्यांनी एका पट्टीवरून अंगठा फिरवला. "वेल्डिंग बेस हाय."

मतीन आणि शिफानं एकमेकांकडे पाहिलं. दोघांची तोंडं राखेनं माखली होती. त्याच्या नाकावर एक पांढरा ठिपका होता आणि तो पुसावा असं तिला इतकं वाटलं, की तिनं हात घट्ट मिटून घेतले.

पट्टे उन्हात सुकले, पुन्हा चढले. मतीननं गळ्यातला रिमोट काढला आणि शिफाच्या हातात दिला.

"येडा हाईस का? माझ्याकडं नको..."

"तुज्याच हातानं," तो म्हणाला. "मी बाजूनं पळतो. त्या दिवशी तू पळत व्हतीस तशी."

शिफानं श्वास घेतला आणि कळ पुढे ढकलली. रणगाडा चढाला लागला. घसरला होता ती जागा आली... पट्टे क्षणभर कुरकुरले... आणि रबरानं दगड धरला! "चल, चल माझ्या वाघा!" मतीन बाजूनं पळत ओरडत होता. पोरं पळत होती. रसूलभाई खोकायचं विसरून टोपी हवेत उडवत होते. तोफ आभाळाकडे करून रणगाडा माथ्यावर आला आणि हवालदारसाहेबांच्या चपलांपुढे येऊन थांबला.

हवालदारसाहेबांनी पाय जुळवले आणि त्या खाटेएवढ्या रणगाड्याला कडक सलाम ठोकला. हात खाली आला तेव्हा डोळे भरले होते.

"मामाला फोन लाव," ते मुलाला म्हणाले. "सांग, ड्रायवर इकडंच पोस्टिंगला हाय." मग ते रसूलभाईंकडे वळले. "रसूलभाई, नुसता ड्रायवर घिऊन रणगाडा हालत न्हाई. कमांडर लागतो. तुमच्या घरात एक दिसतोय."

"च्या घेऊ आधी," रसूलभाई म्हणाले आणि मोठ्यानं खोकले. दोघंही बाप हसत घरात गेले.

माथ्यावर वारा सुटला होता. मतीन अजून धापा टाकत होता. अगदी पहिल्या दिवसासारखा.

"शिफा... मी काय म्हणत व्हतो..."

"लय दिवस झालं म्हणतोयस. आज बोल तरी."

"मला तू लय आवडतीस. त्या लाल प्लगापास्नं." एका दमात बोलून तो थांबला. "आता... कमांडरचा हुकूम काय हाय?"

शिफानं रिमोट खाली ठेवला आणि ओढणीच्या टोकानं त्याच्या नाकावरची राख पुसली.

"सिग्नल तुटला तर काय करायचं ठरलंय?"

"जागच्या जागी थांबायचं."

"मग थांब," ती म्हणाली, आणि राख पुसून झाली तरी हात काही मागे घेतला नाही.