टाकीचा चढ

"हवा कमी झालीये का?"

मी वाकून सायकलचा टायर दाबून बघत होते. टायर चांगला टणक होता; हवा गेली होती ती माझी. पण भर रस्त्यात धापा टाकत उभं राहायला मला लाज वाटते, म्हणून चाकात तोंड खुपसलं होतं.

"हो... थोडी," मी म्हटलं.

"कमाल आहे! कालही झाली होती, परवाही. आणि नेमकी याच खांबापाशी."

मी वर पाहिलं. विचारणारा तरुण एक पाय टेकवून सायकलवरच उभा होता. भुवईवर पिठाचा डाग, आणि चेहरा इतका साळसूद की राग यावा. मला राग आला. त्याआधी हसू आलं, हे खरं.

तो चढाच्या पायथ्याशी असलेल्या बेकरीत रात्रभर भट्टी सांभाळायचा. पाव बाहेर पडले की त्याचं काम संपायचं, आणि घरी जाऊन झोपण्याआधी स्वारी हा चढ चढून यायची. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून "हे नीट दिसतंय, की आधीचं?" असं लोकांना विचारत असते. बसून बसून अंग पार आखडलं, तेव्हा मी सायकल घेतली आणि मनाशी ठरवलं – टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, मध्ये कुठेही पाय न टेकवता. वजन-बिजन काही नाही. फक्त एवढंच.

घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "दमशील गं." ताई म्हणाली, "दमेल ती." दादाने तर कहरच केला. "मी सायकल गाडीतून वर नेऊन देतो, तू नुसती उतरत ये!" लहानपणी मला दमा होता. माझ्या छातीतून तो केव्हाच गेला, पण घरच्यांच्या डोक्यातून काही जाईना. अजूनही माझ्या हातातली पिशवी कुणीतरी काढून घेतंच. शेंडेफळ ना मी! लाडाने जीव नकोसा होतो, हे शेंडेफळालाच कळतं.

टायरच्या त्या सकाळपासून आम्ही रोज बरोबर चढायला लागलो. म्हणजे तो चढायचा, मी खांबापर्यंत जायचे.

"गिअर आधीच हलका करा," तो शिकवायचा. "आणि टाकीकडे बघूच नका. पुढच्या चाकासमोरचा रस्ता बघा."

"आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे..." त्याचे कान लाल झाले. "बघा की. पण सपाटीवर."

मग मी सपाटीवर बघून घ्यायचे. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास यायचा. खांब मागे पडला, मग पिवळं फाटक मागे पडलं, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो मला आवडायला लागला होता. सकाळी गजर व्हायच्या आधीच जाग यायची, ती काही चढाच्या ओढीने नव्हे!

आता टाकीआधीचं शेवटचं वळण उरलं होतं. तिथे रस्ता असा उभा होतो की सायकल जागच्या जागी डुलायला लागते. त्या सकाळी ती डुलली. पाय भरून आले, मी आता टेकवणार, एवढ्यात पाठीवर एक तळवा आला. अगदी हलका. सायकल पुढे सरकली आणि मी टाकीपाशी पोहोचले.

"झालं की नाही!" तो आनंदाने ओरडला.

मी सायकल कठड्याला टेकवली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कोण चढलं रे? तू की मी?"

"अगं... थोडासाच हात दिला. आम्ही सायकलवाले देतोच एकमेकांना."

"घरी सगळे थोडासाच हात देतात! थोडी पिशवी, थोडा जिना, थोडं दार... माझं म्हणून काही उरतच नाही. एवढा एक चढ होता, तोही तू घेतलास."

मी उतार उतरून आले, वळूनही बघितलं नाही.

पुढचे काही दिवस मी मुद्दाम लवकर निघायचे, त्याची भट्टी पेटलेली असायची तेव्हाच. वळणावर पाय टेकायचा तो टेकायचाच. चढ पूर्वीइतकाच होता, पण करमत मात्र नव्हतं. दुकानात नेहमी येणाऱ्या एका आजोबांना मी एकच भिंग दोनदा लावून "फरक वाटतो?" असं विचारलं. "भिंगात नाही, पण तुझ्यात वाटतो," आजोबा म्हणाले.

सुटीच्या दिवशी तो बेकरीच्या दारातच उभा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी मागे राहीन. लांब. चालेल?"

"आणि पडले तर?"

"तर उचलीन. पण तोवर नाही."

मी निघाले. खांब गेला. फाटक गेलं. मागे त्याच्या साखळीची बारीक करकर येत होती. वळण आलं आणि सायकल डुलली... पोटऱ्या पेटल्या, घामाने दिसेना झालं. पाठीवर काहीच नव्हतं, नुसता वारा. मी दात खाऊन एक पायडल मारलं. मग आणखी एक. मग पुढे रस्ता सपाट झाला, टाकी आली, आणि मी एकटीच वेड्यासारखी हसत सुटले.

मागे वळून बघते तर तो नाही! जरा वेळाने वळणावरून आला, तो सायकल हातात धरून, चालत.

"तू उतरलास? तू?"

"तू डुललीस ना तिथे..." तो खाली बघत म्हणाला. "माझा हात निघालाच होता गं. आवरेना. मग म्हटलं, आपण उतरलेलंच बरं."

रोज हा चढ न थांबता चढणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी शेवटच्या वळणावर पाय टेकवला होता. मला तर आता बोलायलाही श्वास उरला नव्हता, तरी बोलले.

"मला तू... फार... आवडतोस."

"काय?"

"धाप लागलीये रे! पुन्हा कशी म्हणू?"

"सावकाश म्हण," तो म्हणाला आणि सायकल गवतात आडवी करून माझ्याशेजारी बसला. "मला आज झोप येणार नाहीये."