मोटारघरातले पुंडलिकराव

वृषाली दोन्ही तळहातांवर लॅपटॉप धरून अंगणात गोल गोल फिरत होती, तेव्हा शेजारच्या भिंतीला टेकवलेल्या शिडीवरून आवाज आला, "कोणाची आरती ओवाळून राहिल्या, मॅडम?"

तिने वर पाहिलं. खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं, हातात पेचकस आणि डोळ्यांत हसू. एरवी तिने त्याला चांगलंच सुनावलं असतं, पण ऑफिसची मीटिंग अर्ध्यावर तुटली होती आणि तिला रडू येत होतं.

"वायफायची," ती म्हणाली. "पावूनच नाही राहिलं."

शिडीवरून उतरला तो हेमराज. पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. त्याने तिच्याही घरची लाइन तपासली, मान हलवली, "पुन्हा येऊन पाहतो" म्हणाला आणि कंप्लेंट लिहून घेऊन गेला. जाताना उगीचच दोनदा मागे वळून पाहिलं.

वडील पुंडलिकराव दिवाळीनंतर गेले आणि वृषाली हैदराबाद सोडून रामाकोन्याला आईजवळ आली. नोकरी हैदराबादचीच, पण काम घरून. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती आणि ती तिनेच हौसेने बसवलेली, त्यामुळे दोष कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. तिने वायफायची वीजबचत बंद केली, ड्रायव्हर बदलून पाहिला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तरी कधी सकाळी, कधी भर दुपारी नेट जायचंच. आणि गेलं तरी सिग्नल पुरेपूर! पडद्यावर शांतपणे लिहिलेलं असायचं... ‘पुंडलिकराव’ला जोडलेले आहे.

नेटवर्कला स्वतःचं नाव वडिलांनीच दिलं होतं. ते बदलायचा तिला धीर झाला नव्हता.

ऑफिसच्या साहेबांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, सोमवारची मीटिंग तुटली तर हैदराबादला येऊन बसायचं. आई घर सोडायला तयार नव्हती, आणि आईला एकटं टाकून जायचं वृषालीच्या जिवावर आलं होतं.

"कोणी नाव घेऊन बोलावलं तं पयल्या हाकेले ओ देऊ नये, बाई," आई, अलकाबाई, एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "तुही मशीन ओ देऊन राहिली."

वृषाली हसली खरी, पण त्यानंतर पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं तिला वाटू लागलं.

पौषातल्या, आभाळ भरून आलेल्या एका दुपारी हेमराज पुन्हा आला. वृषाली लॅपटॉपने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचत बसली होती.

"इकडं पाहा. नेट तुटून नाही राहिलं. लॅपटॉपच आपल्याला सोडून दुसरीकडं जाऊन राहिला."

"कोणाकडं?"

"पुंडलिकरावांकडं..."

"अन् आता कोणाकडं हाय?"

"तेही पुंडलिकरावच."

हेमराज हसायला गेला आणि थांबला. बागेकडून घूं... असा आवाज उठला. खिडकीबाहेर संत्र्याचं पानही हलत नव्हतं. पडद्यावर, पहिल्या नावाखाली, तेच नाव दुसऱ्यांदा उमटलं. वरवर पाहिलं तर दोन्ही मिळून एकच दिसायचं; आज तिने खोलात जाऊन शोधलं म्हणून सापडलं.

"घरात वायफायचा डबा एकच हाय ना?" त्याने हळूच विचारलं.

"एकच."

दोघं बागेत शिरली. तिच्या हातात लॅपटॉप आणि सिग्नल पावलागणिक वाढणारा.

"तुम्ही पुढं व्हा," हेमराज म्हणाला.

"भिऊन राहिले का?"

"मी? छे! लेडीज फर्स्ट..."

असं म्हणत त्याने तिच्या ओढणीचं टोक मात्र घट्ट धरलं होतं. तिनेही सोडवून घेतलं नाही.

विहिरीकाठी, पाण्याच्या पंपाच्या मोटारघरापाशी सिग्नलचा आकडा वाढायचा थांबला. दाराला कुलूप होतं. पुंडलिकराव त्या खोलीतच छातीत कळ येऊन गेले, तेव्हापासून ते कुणी उघडलं नव्हतं. मोटार ऑटोवर होती. शेतीची लाइट आली की आपोआप सुरू व्हायची, आणि गडी पाणी बाहेरूनच वळवायचा.

अलकाबाईंनी किल्ली दिली, पण स्वतः आल्या नाहीत. "काहीतरी बसवलं होतं त्यायनं तिथं," एवढंच म्हणाल्या. "तुले बाग दाखवायसाठी."

दार उघडलं. आत काळोख, ओल्या मातीचा वास आणि मोटारीची घरघर. खुंटीवर वडिलांचा खांद्यावरचा दुपट्टा, आणि त्याच्याशेजारी भिंतीवर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. तिच्या खिशातला मोबाईल थरथरला. तिने न विचारताच तो ‘पुंडलिकराव’ला जोडला गेला होता.

तिला सगळं उमगलं. हैदराबादला व्हिडिओ कॉलवर झाडावरची फळं दाखवता यावीत म्हणून बाबांनी इथं दुसरा डबा लावला, आणि आपला मोबाईल चुकू नये म्हणून नाव तेच, पासवर्डही तोच. घरून आलेली तार खारींनी कुरतडली होती, म्हणून त्यात नेट नव्हतं. तरी लाइट आली की हा बिचारा डबा रोज हाक मारायचा, आणि बागेकडच्या खोलीतला तिचा लॅपटॉप धावत यायचा. वृषाली दुपट्टा तोंडाशी धरून ढसढसा रडली.

हेमराजचा हात बटणाकडे गेला आणि थांबला. "बंद करू?"

तिने दिव्यापुढे हात आडवा धरला.

"नको तं नको," तो म्हणाला. "राहू द्या त्याले. पण प्रत्येक डब्याचा नंबर वेगळा असते... तुमच्या लॅपटॉपले फक्त घरचाच नंबर ऐकाले सांगता येते का?"

तिने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. येत होतं! दाराच्या उंबऱ्यावर बसून तिने लॅपटॉपला घरच्या डब्याशी बांधून टाकलं.

सोमवारी बागेत मोटार घुमत होती, हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि मीटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली. साहेब म्हणाले, राहा घरीच.

हेमराज अंगणात उभा होता. "मोबाईलवर ओटीपी आला असन. सांगा, कंप्लेंट बंद करतो."

"लाइनीत काय खराबी होती?"

"काहीच नाही," तो खाली पाहत म्हणाला. "पयल्या दिवशीच समजलं होतं. पण कंप्लेंट बंद केली असती तं... यायले बहाणा कुठला? माह्या साहेबाच्या शिव्या खाऊन चालू ठेवली."

"मग आता कायले बंद करून राहिला?"

‘राहिले’ नाही, ‘राहिला’. त्याने चमकून वर पाहिलं.

"आता बहाण्यानं नाही येणार. तू बोलावशील तं येईन."

तिने एकेक आकडा सावकाश सांगितला. हेमराजने मोबाईल खिशात ठेवला. आता त्याचं इथं काहीच काम उरलं नव्हतं, आणि तरी तो हलत नव्हता.

"उद्या ये," वृषाली म्हणाली. "आज... आज आईले सांगते."

"काय सांगशील?"

ती तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून अलकाबाई ओरडल्या, "उद्या कायले? चहा ठेवून राहिली मी. त्याले म्हण, चप्पल काढून आत ये!"