उत्तरेच्या खिडकीतला दगड

कारखान्यात तिला सगळे शेवाळबाई म्हणत. आपण दगडावर वाढवतो ते शेवाळ नव्हे, दगडफूल, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. शेवटी तिने नाद सोडला. घरी मात्र ती धाकटीच. तिच्या वर एक ताई होती आणि ताईने तिला दुसऱ्या कुठल्याच नावाने कधी हाक मारली नव्हती, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू.

कारखाना जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा. कुठल्या कठड्याचा दगड निखळला की त्याच जातीचा, त्याच मापाचा दगड घडवून तिथे बसवायचा. पण पाऊसपाणी सोसलेल्या रांगेत नवा दगड बोडका दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, पैसे घेऊन हे ठिगळ लावलंत होय? तिथून पुढचं काम धाकटीचं. शेजारच्या जुन्या दगडांवरचं दगडफूल ती नव्यावर रुजवायची.

या खेपेला काम होतं ग्रंथालयाच्या गच्चीच्या कठड्याचं. तिथलं दगडफूल तिनेही पूर्वी पाहिलं नव्हतं. टाचणीच्या डोक्याएवढे शेंदरी ठिपके, प्रत्येकाला केसाइतकी बारीक पांढरी किनार. किनार असली की समजायचं, वाढ चालू आहे. कारखान्यात त्याला ठिणगी असं नाव पडलं. ठिणगीचे नखरे फार. ऊन नको, धूर नको, नळाचं पाणी तर मुळीच नको. फक्त उत्तरेकडची थंड बाजू हवी, आणि जागा अशी हवी की जी वर्षानुवर्षं हललेली नाही. रोज उघडणाऱ्या फाटकावर किंवा लोक बसतात-उठतात त्या बाकावर ती कधी धरत नाही.

ठिपके तपासताना धाकटी श्वास रोखून धरायची, कारण भिंग दगडाजवळ नेलं की तिच्याच वाफेने ते धुरकटायचं. "शेवाळबाईंनी श्वास धरला," मिस्त्री म्हणायचा, "आता पगारवाढ मागणार बघा." ती हसायची, रुमालाने भिंग पुसायची आणि पुन्हा वाकायची.

रुजवण्याची रीत अशी. जुन्या ठिपक्याच्या कडेचा कण पात्याने उचलायचा, मधला कधीच नाही. आंबवलेल्या दुधात तो घोटायचा, कुंचल्याने नव्या दगडावर लावायचा, आणि मग सकाळ-संध्याकाळ त्यावर तोंडाने वाफ सोडायची. फुंकर नव्हे. काच पुसण्याआधी आपण सोडतो तशी, संथ, उबदार. पाण्याने कण वाहून जातात, वाफेने चिकटतात. तिच्या गुरूने तिला हेच शिकवलं होतं आणि वाफ स्वतःच सोडायची, दुसऱ्याला सांगायची नाही, असंही बजावलं होतं. का ते त्याने सांगितलं नाही. म्हाताऱ्याचा हेका, असं तिने धरलं.

कारखान्यात दगडाची भुकटी उडते, म्हणून तिने कठड्याचा तो नवा दगड घरी आणला आणि मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीत ठेवला. त्याच खोलीत ताई राहत होती.

भाऊजी गेल्यापासून ताई धाकटीकडेच होती. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायची. समोर ठेवलं तर दोन घास खायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. धाकटीचा जीव तुटायचा. आईच्या माघारी ताईनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता तिला माघारी आणायचं कसं, हे धाकटीला कळत नव्हतं. रिकाम्या हातांना काम द्यावं, म्हणून तिने वाफेचं काम ताईवर सोपवलं.

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच. जितकी देशील तितकी चांगली."

"म्हणजे मी या दगडाची आया."

कितीतरी दिवसांनी ताईने चेष्टा केली होती. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. बरं वाटलं तिला. मग रात्री जेवताना तिने ताईला दगडफूल म्हणजे काय ते सांगितलं. एक बुरशी असते, एक शैवाल असतं. बुरशी घर बांधते, शैवाल अन्न करतं, आणि उघड्या दगडावर एकटं कुणीच तगत नाही.

"मग आपल्यात बुरशी कोण?" ताईने विचारलं.

"घर माझं आहे, तेव्हा मीच."

ताई हसली. दुसऱ्या दिवशी धाकटी उठली तेव्हा ताई खिडकीशी दगडावर ओणवी होऊन वाफ सोडत होती.

दगडफुलाला घाई नसते. वर्षाकाठी नखाच्या जाडीएवढं वाढलं तरी पुष्कळ. म्हणून दोन-तीन महिन्यांत, थंडी पडायच्या आतच दगडावर शेंदरी ठिपके दिसले तेव्हा धाकटीला वाटलं, साधी बुरशी चढली असणार. तिने भिंग लावलं. रंग तोच होता, पांढरी किनार तीच होती. निम्मा दगड भरला होता. मालक घरी येऊन बघून गेला. "दगडाला पाझर फुटला म्हणायचा," म्हणाला, आणि ताईला त्याने नमस्कार केला.

ताईने नमस्कार परत केला नाही. तिचं लक्ष दगडाकडे होतं.

पुढे थंडी वाढली. एका सकाळी दोघी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. धाकटी काहीतरी बोलत होती आणि तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. ताईनेही उत्तर दिलं, चांगली दोन-तीन वाक्यं. तिच्या तोंडासमोर काहीच दिसलं नाही.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. थंडीत बसून बसून ताईचं अंग गार पडलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तरी डॉक्टरकडे नेलंच. त्याने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, नळी झटकून पुन्हा लावली. नाडी थोडी मंद आहे, बाकी प्रकृती ठीक, असं म्हणाला. पण त्याने ताईला पुन्हा दाखवायला आणा असं दोनदा सांगितलं.

त्यानंतर धाकटी ताईवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागली. ताई आता खुर्चीतून उठतच नव्हती. पापण्यासुद्धा उशिराने मिटायच्या. तिच्या पेल्यातलं पाणी सकाळी असायचं तेवढंच संध्याकाळी असायचं. आणि एका दुपारी ताई खुर्चीत मान मागे टाकून झोपली असताना, दगडापासून हातभर दूर असताना, खिडकीच्या काचेवर दगडासमोर धुक्याचा वाटोळा डाग उमटला. हळूहळू पुसट झाला. पुन्हा उमटला.

धाकटी दारातच उभी राहिली. तिने तो डाग किती तरी वेळ पाहिला आणि मग ताईच्या छातीकडे पाहिलं. शाल हलत नव्हती.

"ताई!"

ताईने डोळे उघडले. "काय गं? जागीच आहे मी."

काय खरं, काय खोटं, याचा विचार धाकटीने केला नाही. हा दगड आधी घराबाहेर, एवढंच तिने ठरवलं. मिस्त्रीला निरोप धाडला. तो सकाळी हातगाडी घेऊन आला आणि दगडाला पोतं गुंडाळू लागला, तेव्हा ताई म्हणाली, "इतक्यात नको नेऊ. अर्धवट राहील."

"काय अर्धवट राहील, ताई?"

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ताईचा चेहरा तिकडे वळत गेला. नुसता चेहरा, खांदे जागचे हलले नाहीत.

त्या दिवशी धाकटी कामावर गेली नाही. तिने ताईला चोळून आंघोळ घातली, गरम खायला केलं, घास भरवले. ताईने खाल्ले. बोललीही, लहानपणच्या एका मांजराबद्दल. धाकटीला वाटलं, सुटलो. दुपारी मिस्त्रीचा निरोप आला की दगड बसला आहे, एकदा नजर टाकून जा. तिला जायचं नव्हतं. पण एकदा शेवटचं बघितलं की हा विषय मिटला, असं म्हणून ती निघाली.

ग्रंथालयाच्या गच्चीवर बोचरा वारा होता. दगड रांगेत असा बसला होता की मिस्त्रीलाच बोट ठेवून दाखवावा लागला.

"काम झ्याक झालंय, बाई. आता आपण गेलो तरी हा हलायचा नाही."

तिने सवयीने श्वास रोखला आणि भिंग दगडाजवळ नेलं. ठिणग्या रसरशीत होत्या. पाहता पाहता भिंग धुरकटलं.

तिने अजून श्वास सोडला नव्हता.

तिने रुमाल काढला, भिंगाची वरची बाजू पुसली. धुकं तसंच राहिलं. ते खालच्या बाजूला होतं.

"मिस्त्री, हा काढता येईल?"

"आता? फोडावा लागेल. का हो, काय चुकलं?"

"फोडू नका," ती म्हणाली. "कुणालाही हात लावू देऊ नका याला."

ती धावतच जिना उतरली. रस्त्याने तिला दम लागला आणि स्वतःच्या धापा ऐकून तिला रडू आलं.

घरात सगळं जागच्या जागी होतं. मागच्या खोलीची खिडकी बंद होती, कडी लावलेली. ताई खुर्चीत ताठ बसली होती, खिडकीच्या मोकळ्या झालेल्या कट्ट्याकडे तोंड करून.

"आलीस?" ताई म्हणाली. आवाज नेहमीचा, मायेचा. "खिडकी लाव ना गं. वर वारा फार आहे."

"लावलेलीच आहे, ताई."

"हो?"

धाकटी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने भिंग दोन्ही हातांनी धरलं आणि ताईच्या तोंडासमोर नेलं.

"ताई, वाफ सोड. दगडावर सोडायचीस तशी. एकदाच सोड गं."

ताईने मुकाट्याने तोंड उघडलं.

भिंग स्वच्छ राहिलं. त्यातून ताईचे ओठ मोठे आणि अगदी स्पष्ट दिसत होते. डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक शेंदरी ठिपका होता, आणि त्याला पांढरी किनार होती.