पाखरांचे डोळे

बसा, दिवा जरा इकडे सरकवते. सुईत दोरा ओवता ओवता सांगते.

पाळण्यावर टांगायचं कापडी पाखरांचं चिमणाळं मी वीस वर्षं शिवतेय. आमच्या कामात एक नियम आहे. पाखरांचे डोळे सगळ्यांत शेवटी, आणि तेही टांगल्यावर. पाळण्यात डोकं घालून खालून बघायचं, बाळाला कुठून दिसेल ते ठरवायचं, मग टाका घालायचा. दुकानात बसून डोळे शिवले, की पाखरं भिंतीकडे बघत बसतात आणि पोर रडत बसतं. माझ्या धाकट्या बहिणीलाही मी हेच शिकवलं होतं.

तिने स्वतःच्या बाळासाठी आठ पाखरं शिवली. डोळे तेवढे राहिले. आठव्या महिन्यात ती जिन्यावरून पडली आणि पोटातल्या जिवासकट गेली. पाय घसरला, असं मेहुण्यांनी सांगितलं.

दोन वर्षांनी मेहुणे तीच पाखरं बुटांच्या खोक्यात घालून माझ्या दुकानात आले. नव्या बायकोला आठवा लागला होता.

"ताई, तयारच आहेत. डोळे तेवढे लावून द्या. वाया कशाला घालवायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बहिणीचे टाके दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्यापेक्षा माझ्या हाती आलेले बरे, म्हणून त्यांच्या घरी गेले.

दुपार होती. वरच्या मजल्यावरची बाळाची खोली नुकती रंगवली होती, तरी खिडक्या गच्च बंद. दार थेट जिन्याच्या तोंडावर उघडत होतं. रंगाच्या वासाखालून आणखी एक वास येत होता, माझ्या बहिणीच्या केसांच्या तेलाचा. मी नव्या बायकोकडे पाहिलं. तिचे केस कोरडे होते.

ती पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. मनगटावर चार बोटांचे निळे वळ. मेहुणे खाली गेले तशी ती कुजबुजली, "ताई... तुमची बहीण खरंच घसरली होती?"

"तू माहेरी जा," मी म्हटलं. "आजच्या आज जा."

"बाहेरच्या दाराची किल्ली त्यांच्या खिशात असते..."

मी स्टुलावर चढून चिमणाळं पाळण्यावरच्या कडीला टांगलं. एकेका पाखराला काळ्या दोऱ्याचे डोळे घातले, सगळ्यांची नजर खाली पाळण्यात. दर वेळी उतरून, पाळण्यात डोकं घालून तपासलं. आठव्याचा दोरा तोडला आणि खाली येऊन पाहिलं, तर आठही पाखरं दाराकडे बघत होती. अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. मेहुणे आत आले आणि सरळ खिडकीकडे गेले. "झालं का?"

वर कडी कुरकुरली. एकेक पाखरू आपापल्या दोऱ्यावर सावकाश वळलं आणि त्यांच्यावर येऊन थांबलं.

"वारा," ते हसून म्हणाले. मग बंद खिडकीकडे त्यांचं लक्ष गेलं. ते कपाटापाशी सरकले. कडी कुरकुरली. पाळण्यापाशी आले. पुन्हा कुरकुरली.

"काढा ते, ताई."

"भाऊजी, आत्ताच तर लावलंय."

"मी ढकललं नव्हतं..." कुणी विचारलंही नव्हतं. "तिनेच हात हिसडला... मी फक्त... सोडला..."

पाखरांवरची नजर न काढता ते मागे मागे सरकू लागले. मागे दार, दारामागे जिना. मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. 'जपून' एवढा एक शब्द पुरला असता. आम्ही दोघीही मूग गिळून गप्प बसलो.

अगदी शेवटच्या पायरीपर्यंतचा आवाज ऐकला. खोटं कशाला बोलू, माझा जीव निवला.

किल्ली तिनेच त्यांच्या खिशातून काढली. माहेरी तिला मुलगी झाली. चिमणाळं तिने सोबत नेलं होतं. पोर त्याच्याशिवाय झोपत नाही म्हणाली. मी बाळ बघायला गेले, तेव्हा पाखरांची नजर बरोबर पाळण्यात होती. सात पाखरांची. आठवं माझ्याकडे बघत होतं. मी जागा बदलली, तसं तेही वळलं.

का, ते मला ठाऊक आहे. जिन्यावरून पडायच्या आदल्या आठवड्यात धाकटी माझ्याकडे आली होती. बाही वर करून वळ दाखवले. "ताई, मला इथेच राहू दे," म्हणाली. लोक काय म्हणतील, या भीतीने मीच तिला समजावलं आणि स्वतः त्या घरी नेऊन सोडलं.

परवा जाऊन मी त्या पाखराचे डोळे उसवले, दोरा जाळून टाकला. आज सकाळी पुन्हा गेले. ते कोरं तोंड सावकाश माझ्याकडे वळलं. मग पाळण्यातल्या पोरीने डोकं उचललं आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. पोर महिन्याची आहे. तिने अजून मान धरलेली नाही.