चोवीसशे मीटरची हाक

नगरविकास खात्याचे कक्ष अधिकारी वसंत खटावकर ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरले तेच मुळी कपाळाला हात लावून.

"बाई, एका शब्दापायी माझी सव्वीस वर्षांची नोकरी पाण्यात जाणार. वाचा हे."

डॉ. मृदुला आरोळकरांनी कागद घेतला. खांबांवरून धावणाऱ्या अधांतर रेल्वेच्या स्थानकांजवळ वाढणाऱ्या वस्त्यांना रस्ते, पूल, नळ, दिवे यांसाठी अनुदान देण्याचा तो शासन निर्णय होता. इंग्रजी मसुद्यात साधे 'आठशे मीटर' होते. पण खटावकर पडले मराठीचे कैवारी! त्यांनी झोकात लिहिले, 'स्थानकापासून हाकेच्या अंतरावरील वस्ती'. फाइल पाच टेबलांवरून फिरली, सह्या झाल्या, आणि एकाही शहाण्याला ते खटकले नाही.

कारभार माणसांच्या हाती असता तर हे खपूनही गेले असते. पण वशिलेबाजी थांबावी म्हणून सरकारने वाटपाचे काम निवाडायंत्राकडे दिले होते, आणि ते यंत्र अक्षराला जागणारे. त्याने मराठी बोलण्याच्या लाखो नोंदी चाळल्या आणि स्वतःच व्याख्या ठरवली. एका माणसाने दुसऱ्याचे नाव घेऊन, कुठलेही उपकरण न वापरता मारली ती हाक. आणि मारणाऱ्याला समोरून ओ ऐकू आली, तरच ती पोचली.

"आता अर्ज आलाय करंजमाळाचा," खटावकर म्हणाले. "गवळणतळ्याच्या पार पलीकडे. चोवीसशे मीटर! यंत्र म्हणतं, उद्यापर्यंत मोजून दाखवा. तुम्ही फक्त लिहून द्या की माणसाचा आवाज एवढ्या लांब जात नाही. प्रकरण बंद, माझी चूक झाकली."

"पण जातो हो!"

"काय सांगता!"

"पहाटे जातो. डोंगरावरची गार हवा रात्रभर उतरून तळ्यावर साचते, आणि तिच्यावर उबदार हवेचं पांघरूण पडतं. उबदार हवेत आवाज भरभर पळतो, गार हवेत रेंगाळतो. त्यामुळे वर निघालेला आवाज खाली वळतो, पाण्यावर आपटून उठतो, पुन्हा खाली वळतो. ध्वनिबोगदाच म्हणा ना. ऊन चढलं की मोडतो."

खटावकरांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. "तुमचं आडनाव आरोळकर म्हणून नाही ना सांगत?"

"उद्या पहाटे कळेलच," मृदुला हसून म्हणाली.

करंजमाळात तेव्हा बारा-बारा मजल्यांचे नऊ मनोरे उभे होते आणि रस्ता म्हणाल तर मुरमाचा. तिथल्या सुगंधा भालेरावने तो अर्ज केला होता. तिचा नवरा मधुकर याला एक दिवसाआड रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिसला, स्थानकाशेजारच्या इस्पितळात न्यावे लागे. बिल्डर लिफ्ट न बसवताच पसार झालेला. चार शेजारी मधुकरला खुर्चीसकट बारा मजले खाली आणत. मग तळ्याला वळसा घालून चौदा किलोमीटर रिक्षा. गेल्या महिन्यात तो दोनदा पोचलाच नाही, आणि डॉक्टरांनी सुगंधाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, असे आणखी चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुगंधा आणि मृदुला तळ्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. हाती निवाडायंत्राचा कान होता, 'ध्वनिधर' नावाची लहानशी पेटी. पलीकडे स्थानकाच्या उंच फलाटावर पोह्यांची गाडी लावणारी सुगंधाची धाकटी बहीण इंदू, आणि तिच्याशेजारी कानटोपी घातलेले खटावकर.

"मार हाक," मृदुला म्हणाली.

"इंदूऽऽऽ!"

पाणी ढिम्म होते. आवाजाला पलीकडे जायला सात सेकंद लागणार होते. मृदुलाने मनात सात मोजले, आणि फोनमधून खटावकरांचा आवाज फुटला.

"आली! बाई, आली! हे कानाशी येऊन बोलावं तशी! अहो, काटा आला हो माझ्या अंगावर!"

चूक झाकायला निघालेला हा गृहस्थ आता फलाटावर लहान मुलासारखा नाचत होता. इंदूने ओ दिल्याचे त्याने सांगितले. सात सेकंद झाले. दहा झाले. वीस झाले. काठावर काहीच आले नाही. ध्वनिधरावर साधी रेघही हलली नाही.

सुगंधाने पुन्हा हाक मारली. पुन्हा. हाक जात होती, ओ येत नव्हती. मृदुलाने बोट ओले करून वर धरले आणि तिचा चेहरा उतरला.

"वारा सुटलाय. आपल्याकडून तिकडे. वाऱ्याविरुद्ध येणारा आवाज जमिनीजवळ टिकत नाही, वर उचलला जातो."

"मग उद्या?"

"मुदत आज संपते."

सुगंधा मटकन खाली बसली. "आमचं नशीबच फुटकं, ताई," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मधुकर होता.

"अगं, इंदू कधीची ओ देतेय! तू बहिरी झालीस का काय?"

मृदुलाने झटकन मान वर केली. बाराव्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा होता.

"वर! अगं, आवाज वर गेलाय!"

तिने ध्वनिधर उचलला आणि धूम ठोकली. पूर्वेला तांबडे फुटले होते. सहाव्या मजल्यावर तिला धाप लागली, नवव्यावर पोटात कळ आली. सुगंधा कुठेतरी मागे राहिली. तशीच ती भालेरावांच्या घरात घुसली आणि पेटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"काका, हाक मारणाऱ्यालाच ओ ऐकू यायला हवी. ऊन चढायच्या आत तुम्हीच मारा."

"मी?" मधुकर कसनुसा हसला. "माझी हाक स्वयंपाकघरात पोचत नाही, बाई."

"आता वारा तुमच्या बाजूने आहे. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज वरून खाली वळतो. जोर कमी असला तरी चालेल, वाट आहे. मारा!"

त्याने दोन्ही हातांनी गज धरले, छाती भरून घेतली.

"इंदूऽऽ..."

कसला तो आवाज! पण तो खिडकीबाहेर पडला आणि गेला. मृदुला घड्याळाकडे बघत राहिली. जायला सात, यायला सात. मधुकरने डोळे मिटून घेतले होते. चौदाव्या सेकंदाला, कुठल्याही तारेवाचून, चोवीसशे मीटर हवेतून, अगदी बारीक पण स्वच्छ शब्द आले.

"ओऽऽ, दाजीऽऽ!"

ध्वनिधरावरची रेघ उभी राहिली. इतकी वर्षे आवाजाचा अभ्यास केलेल्या मृदुलालाही नवल वाटले. माणसाच्या गळ्यातली एवढीशी हवा, आणि ती कुठवर जाते! तिचे डोळे भरून आले. धापा टाकत दारात पोचलेली सुगंधा तर सरळ रडायलाच लागली.

तीन दिवसांनी खटावकर स्वतः बारा मजले चढून निवाडा घेऊन आले. पाणी प्यायले, घाम पुसला, पण हसू काही आवरेना.

"मंजूर! पण ऐका. यंत्र म्हणतं, हाक जिथून निघाली आणि ओ जिथून आली, तीच दोन टोकं जोडायची. फलाटापासून या खिडकीपर्यंत. म्हणजे पूल नाही, दोरवाट. तारेवरून पाळणे येणार. आणि वस्तीला इथवर चढता यावं म्हणून मनोऱ्याला लिफ्टसुद्धा!"

तळ्यावरून अधांतरी येणारा पाळणा तिघांच्याही डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. सुगंधाच प्रथम भानावर आली.

"अगं बाई! म्हणजे सगळा करंजमाळ रोज आमच्या बाहेरच्या खोलीतून जाणार?"

"अक्षरशः तसंच लिहिलंय," खटावकर ओशाळून म्हणाले. "हवं तर हरकत घेता येईल."

"हरकत बिरकत काही नको," मधुकर म्हणाला. "जाऊ देत सगळे. चार वर्षांत मला उचलायला येणाऱ्यांशिवाय या घरात आलंय कोण?"